४.१० की ४.५६? ड्रॅग रेसमधल्या मागच्या गिअरचं गणित

१९६९ च्या मॉडेलची मस्टँग घ्यायला अमेरिकेत फोर्डच्या डीलरकडे गेलेल्या गिऱ्हाइकाला रंग, सीट आणि रेडिओ यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट निवडता यायची. ४२८ घन इंचांचं कोब्रा जेट इंजिन घेतलं, तर मागच्या ॲक्सलसाठी ३.९१ किंवा ४.३० हा आकडा मागता येई. तो मागितला की 'ड्रॅग पॅक' लागू व्हायचा. मग कंपनी इंजिनात जास्त दणकट कनेक्टिंग रॉड बसवायची, ऑइल कूलर द्यायची आणि इंजिनाचं नावही 'सुपर कोब्रा जेट' होऊन जायचं. क्रायस्लरच्या 'सुपर ट्रॅक पॅक'मध्ये डाना ६० हा भक्कम ॲक्सल ४.१० च्या गिअरसह मिळायचा. हा आकडा मागणारा माणूस गाडी बाजारहाटाला नेणार नाही, पाव मैलाच्या पट्टीवर नेणार, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक होतं.

आजही ड्रॅग रेसिंगच्या जगात हौशी मंडळींचा सगळ्यात जास्त वाद याच आकड्यावरून होतो. ३.७३ काढून ४.१० टाकावा का? ४.१० वरून ४.५६ वर जावं का? बहुतेकांचा समज असा की आकडा जितका मोठा तितकी गाडी पळणार. हा समज अर्धाच खरा आहे. मागचा गिअर हा गाडी बनवताना सगळ्यात आधी निवडायचा भाग नाही. इंजिन, वजन, गिअरबॉक्स आणि टायर ठरल्यावर जे गणित उरतं, त्याचं उत्तर म्हणजे हा गिअर.

आपल्याकडे ट्रकच्या गॅरेजमध्ये ज्याला क्राऊन-पिनियन म्हणतात, त्याच जोडीची ही गोष्ट. इंजिनाची फिरकी गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टवर येते, शाफ्टच्या टोकाला छोटं पिनियन असतं आणि ते मोठ्या क्राऊनला फिरवतं. क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागलं की आकडा मिळतो. क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दाते असतील तर ४.१०. पिनियन ११ दात्यांचं केलं तर ३.७३ आणि ९ दात्यांचं केलं तर ४.५६. म्हणजे ४.१० च्या गाडीत मागचं चाक एकदा फिरेपर्यंत शाफ्टला चार फेऱ्यांहून थोडं जास्त फिरावं लागतं. त्या बदल्यात चाकावरचा टॉर्क त्याच पटीत वाढतो.

पहारीने दगड उचलताना लांब दांडा घेतला की जोर कमी लागतो, पण हात बराच खाली न्यावा लागतो. फुकट काहीच मिळत नाही. गिअरचा व्यवहारही तसाच. इंजिनाची शक्ती, म्हणजे त्याचे हॉर्सपॉवर, गिअर बदलून एका घोड्यानेही वाढत नाहीत. वाढतो तो जोर, आणि त्याची किंमत इंजिनाच्या फेऱ्यांत मोजावी लागते. गाडीचा वेग एका क्षणी जितका असेल, त्या वेगाला इंजिन आपल्या सर्वाधिक शक्तीच्या फेऱ्यांजवळ असणं, एवढीच गिअरकडून अपेक्षा असते.

ही अपेक्षा पट्टीवर कुठे तपासायची? पारंपरिक ड्रॅग पट्टी पाव मैलाची, म्हणजे १,३२० फुटांची किंवा ४०२ मीटरची. वॉली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, स्थापन केली ती रस्त्यांवरच्या शर्यती बंदिस्त, नियमबद्ध पट्टीवर आणण्यासाठी. हे अंतर ठरलेलं असल्यामुळे गणित सोपं होतं. अनुभवी माणूस गिअर निवडताना सुरुवातीच्या रेषेकडे आधी पाहत नाही. तो शेवटच्या रेषेवर उभा राहतो आणि तिथून मागे मोजत येतो.

त्याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. ठरावीक शक्ती ठरावीक अंतरभर लावली, तर शेवटच्या वेगाचा घन हा शक्ती भागिले वजन या प्रमाणात असतो. म्हणून शेवटचा वेग मुख्यतः शक्ती आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या घनमुळावर ठरतो. गिअरमुळे तो थोडाच हलतो. मोटारविषयक लेखक रॉजर हंटिंग्टन यांनी या घनमुळाला २२५ ने गुणून मैलांत वेग काढायचं सूत्र दिलं. पुढे पॅट्रिक हेल यांनी तो आकडा २३४ केला. आदर्श गणितापेक्षा हे आकडे बरेच कमी आहेत, कारण टायरचं घसरणं, गिअर बदलताना वाया जाणारा वेळ आणि हवेचा विरोध त्यांत आधीच धरलेले आहेत.

एक गाडी घेऊ. चालकासह वजन ३,४०० पौंड, म्हणजे सुमारे १,५४० किलो. इंजिन ४०० हॉर्सपॉवरचं, आणि ही सर्वाधिक शक्ती ६,००० आरपीएमला. टायरची उंची २८ इंच. चार गिअरचा हाताने बदलायचा गिअरबॉक्स, चौथा गिअर सरळ एकास एक. ४०० ला ३,४०० ने भागून घनमूळ काढलं की ०.४९ येतं, त्याला २३४ ने गुणलं की शेवटच्या रेषेवरचा वेग सुमारे ११५ मैल, म्हणजे ताशी १८५ किलोमीटर.

आता फेऱ्यांचं सूत्र. ताशी मैलांतला वेग गुणिले मागचा गिअर गुणिले ३३६, भागिले टायरची इंचांतली उंची, म्हणजे इंजिनाचे आरपीएम. ३३६ हा आकडा जादूचा नाही. एका मैलात ६३,३६० इंच असतात. त्यांना तासाच्या ६० मिनिटांनी आणि मग पायने भागलं की तोच उरतो. आपल्या गाडीचं उत्तर असं येतं: ३.०८ च्या गिअरवर चौथ्यात ती रेषा ओलांडते तेव्हा इंजिन जेमतेम ४,२५० वर असतं. ३.७३ वर ५,१५० च्या आसपास, ४.१० वर सुमारे ५,६५०, ४.५६ वर ६,३०० आणि ४.८८ वर ६,७०० च्या पुढे.

सर्वाधिक शक्ती ६,००० ला असताना रेषेवर नेमके ६,००० आरपीएम का नकोत, थोडे जास्त का? कारण शर्यत एका बिंदूवर जिंकली जात नाही. चौथा गिअर पडल्यापासून रेषेपर्यंत फेऱ्या वाढत जातात, आणि त्या सगळ्या प्रवासातली सरासरी शक्ती जास्तीत जास्त हवी. म्हणून सर्वोच्च बिंदू थोडा मागे टाकून, शक्ती उतरायला लागली तरी फारशी उतरली नसताना रेषा ओलांडावी. सर्वोच्च शक्तीच्या दोन-चारशे फेऱ्या पुढे, हा बहुतेक साध्या इंजिनांसाठीचा ठोकताळा. या हिशेबाने आपल्या गाडीला ४.५६ बसतो. ४.८८ टाकला तर शेवटच्या टप्प्यात इंजिन ओरडत राहील, वाढ मात्र होणार नाही. व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि रॉड यांचीही परीक्षा होईल.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मागचा गिअर बदलला म्हणून गिअर टाकताना फेऱ्या किती पडतात, ते बदलत नाही. शेव्हर्लेच्या जुन्या गाड्यांतल्या मन्सी एम-२१ या गिअरबॉक्सचे टप्पे २.२०, १.६४, १.२८ आणि १ असे आहेत. ६,५०० वर गिअर टाकला तर पहिल्यातून दुसऱ्यात फेऱ्या सुमारे ४,८५० वर येतात आणि तिसऱ्यातून चौथ्यात सुमारे ५,०८० वर. मागे ३.०८ असो की ४.८८, हे आकडे तेच राहतात. मागचा गिअर फक्त ठरवतो की हे बदल पट्टीवर कुठे घडतील.

रेषेवर निघालेलं उत्तर मग सुरुवातीला नेऊन तपासायचं. पहिल्या गिअरचा टप्पा गुणिले मागचा गिअर म्हणजे सुरुवातीचा एकूण गुणाकार. एम-२१ च्या २.२० ला ४.५६ ने गुणलं की १०.०३ येतात. क्लचच्या गाडीला निघताना दहाच्या आसपासचा गुणाकार बरा, असं अनेक जण मानतात. आपली गाडी त्यात बसली. पण जमीन हा जोर घेईल का? इंजिनाचा टॉर्क ५४० न्यूटन-मीटर धरला आणि वाटेत पंधरा टक्के वाया गेला असं मानलं, तर टायर जमिनीला सुमारे १,३२० किलोच्या जोराने मागे ढकलू पाहतो. निघताना गाडीचा भार मागे सरकतो. मागच्या चाकांवर साठ टक्के वजन आलं असं धरलं तरी ते ९२५ किलोच्या आसपास. साध्या रस्त्याच्या टायरची पकड त्या वजनाच्या नऊ दशांश धरली, तर जमीन ८३० किलोच्या वर काही घेत नाही. उरलेल्या जोराचा धूर होतो.

मग उपाय काय? याच गाडीला ३.५५ लावला तरी सुरुवातीचा जोर एक हजार किलोच्या वर जातो, म्हणजे साध्या टायरवर तीही घसरणारच. याचा अर्थ रोग गिअरचा नाही, टायरचा आहे. मऊ रबराच्या स्लिक टायरची पकड आणि पट्टीवर फवारलेला चिकट थर मिळून वजनापेक्षा जास्त जोर पेलू शकतात. तिथे तोच ४.५६ गाडीला उचलून पुढे फेकतो. म्हणून गिअर विकत घेण्याआधी टायर घ्यावा, हा सल्ला कंटाळवाणा असला तरी खरा आहे.

पकड कमी असताना दुसरी एक वाट आहे. मागे ३.५५ ठेवला आणि रेषा तिसऱ्या गिअरमध्येच ओलांडली, तर तिसऱ्याचा १.२८ गुणिले ३.५५ म्हणजे ४.५४. रेषेवर इंजिन पुन्हा ६,३०० च्या आसपासच. शेवटाचं गणित जवळजवळ तेच, शिवाय एक गिअर टाकायचा वाचला. सुरुवातीचा गुणाकार मात्र १०.०३ वरून ७.८ वर उतरतो. चांगल्या टायरच्या गाडीला हा सौदा तोट्याचा. घसरणाऱ्या गाडीला फायद्याचा ठरू शकतो. शेव्हर्लेचा पॉवरग्लाइड हा दोनच गिअरचा जुना ऑटोमॅटिक ड्रॅग रेसिंगमध्ये अजूनही टिकून आहे, त्यात याच विचाराचा वाटा आहे. त्याचा पहिला गिअर १.७६ किंवा १.८२. ताकदवान, हलक्या गाडीला निघताना जास्त गुणाकाराची गरजच नसते, आणि गिअर एकदाच बदलायचा असतो.

ऑटोमॅटिक म्हटलं की टॉर्क कन्व्हर्टर आला. तो निघताना टॉर्क वाढवतो, पण रेषेवरही थोडा सरकत राहतो. हे सरकणं पाच टक्के धरलं, तर इंजिन ६,३०० वर असताना शाफ्ट ६,००० वरच असतो. आपल्या गाडीत क्लचऐवजी कन्व्हर्टर असता, तर ४.५६ ऐवजी ४.३० पुरेसा झाला असता. टर्बो ४०० सारख्या तीन गिअरच्या ऑटोमॅटिकचा पहिला गिअर २.४८ असतो; ४.३० शी गुणून साडेदहाच्या वर उत्तर येतं आणि त्यावर कन्व्हर्टरची भर वेगळी. कन्व्हर्टर बदलला की गिअरचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, तो यामुळे.

टायरची उंचीसुद्धा या हिशेबात एक गिअरच आहे. २८ इंचांऐवजी २६ इंचांचा टायर लावला, तर ४.१० ची गाडी ४.४२ असल्यासारखी वागते. शिवाय जुन्या बायस-प्लाय बांधणीचा स्लिक वेगात फुगतो आणि उंच होतो. एक इंच फुगला तरी फेऱ्या साडेतीन टक्क्यांनी घसरतात. रेडियल त्या मानाने स्थिर राहतो. उंची मोजायची ती टायरवर छापलेल्या मापावरून नव्हे, गाडीखाली लावल्यावर.

या फुगण्याचं टोक पाहायचं तर टॉप फ्युएल गाड्यांकडे पाहावं. त्यांना गिअरबॉक्स नसतोच आणि एनएचआरएच्या नियमानुसार मागचा गिअर ३.२० ठरलेला. उभ्या गाडीचे मागचे टायर सुमारे ३६ इंचांचे. ताशी ३३० मैलांना आपलं सूत्र लावलं, तर इंजिन जवळजवळ ९,८५० वर असायला हवं. प्रत्यक्षात ते त्याहून बऱ्याच कमी फेऱ्यांवर असतं, कारण तोवर टायर कितीतरी इंचांनी उंच झालेला असतो. २००८ साली न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनच्या पट्टीवर ड्रॅग रेसर स्कॉट कलिटा यांचा अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर या गाड्यांची शर्यत १,००० फुटांवर आणली गेली. गिअरची निवडच नियमाने काढून घेतल्यामुळे या गाड्यांचे तंत्रज्ञ आपलं सगळं कौशल्य क्लच किती आणि कधी घसरू द्यायचा यावर लावतात. जोर आणि पकड यांचा तोल साधायचा प्रश्न तोच, सोडवायची जागा फक्त बदलली.

हवासुद्धा गिअर बदलायला लावते. कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ बँडिमेअर स्पीडवे ही प्रसिद्ध पट्टी २०२३ पर्यंत चालू होती. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५,८०० फूट. तिथली हवा प्रमाण हवामानातही सुमारे १६ टक्के विरळ, उन्हाळ्यात आणखी. साध्या इंजिनाची शक्ती जवळजवळ त्याच प्रमाणात घटते आणि घनमुळाच्या हिशेबाने रेषेवरचा वेग सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो. समुद्रकाठच्या पट्टीवर ४.१० नेमका बसलेल्या गाडीला तिथे त्याच फेऱ्या हव्या असतील, तर ४.३० च्या थोडा वर गिअर हवा. टर्बोची गाडी हा फरक बरीचशी भरून काढते. टर्बोच्या गाड्यांचा स्वभावच वेगळा: त्यांना दाब चढवायला इंजिनावर भार हवा असतो, म्हणून तिथे लहान आकड्याचा गिअर अनेकदा जास्त पळतो.

मोठ्या आकड्याच्या आणखी दोन किमती आहेत. एक, इंजिनाचे फिरणारे भाग वेगात आणायलाही शक्ती लागते, आणि चाकाकडून पाहिलं तर हा बोजा एकूण गुणाकाराच्या वर्गाने वाढतो. दुसरी किंमत धातूची. त्याच मापाच्या क्राऊनमध्ये आकडा मोठा करायचा, तर पिनियन लहान होतं आणि कमी दात्यांवर जास्त भार येतो. १९५७ साली आलेला फोर्डचा नऊ इंची ॲक्सल ड्रॅगवाल्यांचा लाडका झाला, त्याला इथे कारण आहे. त्यात पिनियनला पुढे-मागे दोन्हीकडून आधार मिळतो, आणि क्राऊन-पिनियनचा अख्खा गोळा पुढून काढता येतो. दोन वेगळे गिअर बसवलेले दोन गोळे तयार ठेवून पट्टीवर बदलणारी मंडळी आहेत. शर्यतीसाठीचे गिअर बरेचदा ९३१० या जास्त चिवट पोलादाचे करतात. ते झटका सोसतात, पण रोजच्या रस्त्यावर लवकर झिजतात.

गाडी रस्त्यावरही चालवायची असेल तर आणखी एक आकडा पाहावा लागतो. ताशी १०० किलोमीटरला ४.५६ ची आपली गाडी सरळ चौथ्यात ३,४०० आरपीएमवर घोंघावत राहते. १९८२ साली आलेल्या जनरल मोटर्सच्या ७००आर४ सारख्या ऑटोमॅटिकचा चौथा गिअर ०.७० चा असतो. तो लावला तर तेच इंजिन २,४०० च्या खाली येतं. ओव्हरड्राइव्ह आल्यापासून शर्यतीचा गिअर आणि प्रवासाचा गिअर यांचं भांडण बरंच मिटलं.

कागदावरचं उत्तर पट्टीवर ताडायला वेळेची चिठ्ठी असते. तिच्यावर ६० फूट, ३३० फूट, ६६० फूट, १,००० फूट आणि १,३२० फूट यांचे वेळ छापलेले असतात, आणि शेवटचा वेग रेषेआधीच्या ६६ फुटांत मोजलेला. मोठा गिअर टाकल्यावर ६० फुटांचा वेळ कमी झाला आणि शेवटचा वेग टिकला, तर गिअर कामी आला. ६० फुटांचा वेळ उलट वाढला, तर टायर घसरतोय. सुरुवात सुधारली पण वेग पडला, तर गाडी शक्तीचा उतार लागल्यावरही बराच वेळ त्याच गिअरमध्ये धावत राहिली. ३.७३ वरून ४.१० सारख्या बदलातून बहुतेक गाड्यांना सेकंदाचे काही दशांशच मिळतात. शर्यतीच्या हिशेबात ते पुष्कळ, पण चमत्कार नव्हे.

हे गणित मोटरसायकलवर आणखी स्वस्तात करून पाहता येतं. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. चेनच्या बाइकवर क्राऊन-पिनियनचं काम पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट करतात. पुढचं १५ दात्यांचं काढून १४ चं लावलं की गुणोत्तर सात टक्क्यांनी वाढतं. मागचं ४२ वरून ४५ केलं तरी तेवढंच. फक्त चेन घट्ट-सैल करावी लागते आणि सर्वाधिक वेग कमी होतो, हे आधी मान्य करावं. प्रयोग मात्र बंद पट्टीवरच.

गिअरच्या दुकानात ४.१० आणि ४.५६ ची खोकी शेजारी शेजारी ठेवलेली असतात, किंमतही साधारण सारखीच. म्हणून तो निर्णय सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात आधी घेतला जातो. क्रम उलटा हवा. आधी गाडीचं वजन काट्यावर करावं, इंजिनाची शक्ती आणि ती कोणत्या फेऱ्यांना येते ते डायनोवर मोजून घ्यावं, टायर पक्का करावा, गिअरबॉक्स आणि कन्व्हर्टर ठरवावा. मग शेवटच्या रेषेवरून मागे मोजावं आणि सुरुवातीच्या पकडीशी ताडून पाहावं. उत्तर दोन आकड्यांच्या मधे आलं आणि गाडी सुरुवातीला घसरत असेल, तर लहान आकडा घ्यावा. पकड भरपूर असेल आणि इंजिन फेऱ्या सोसणारं असेल, तर मोठा. बाकी काही बदललं की गिअरचं उत्तर बदलतं, म्हणून पैसे त्यावर शेवटी घालावेत.